पोटार्थी लेखणी आणि नकाराचा अधिकार

मराठी समीक्षेत 'पोटार्थी' हे विशेषण फारसे स्पष्टीकरण न देता वापरले जाते. 'बाजारू', 'मागणी तसा पुरवठा करणारा', 'रतीब घालणारा' ही त्याचीच भावंडे होत. या शब्दांच्या मुळाशी एक गृहीत आहे. ज्याला लेखनाची खरी ओढ आहे त्याने आपले पोट तिच्यावर सोपवू नये. सोपवल्यास ओढ आटते आणि मागे केवळ हातोटी उरते, असे ते गृहीत. ते तपासून पाहण्याची गरज क्वचितच कोणाला वाटली आहे. उलट मराठीच्या वर्गांतून ते उपदेशाच्या रूपाने पुढील पिढीच्या हाती दिले जाते : 'आधी नोकरी पाहा, लेखन सांभाळून करा.'

हा उपदेश ज्याला केला जातो तो विद्यार्थी आज कोठे उभा आहे, याचा विचार येथे प्रस्तुत ठरतो. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिक्रापूरला आत वळले की वेळ नदीकाठचे तळेगाव ढमढेरे लागते. जुन्या बाजारपेठेचे आणि सरदार घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव आता सणसवाडी व रांजणगाव येथील कारखान्यांच्या टापूत आले आहे. गावात महाविद्यालय आहे. मराठी घेऊन पदवीपर्यंत आलेली, कविता वा कथा लिहिणारी मुले अशा गावांत असतात. त्यांच्यापुढील पर्याय मोजके आहेत : शेती, कारखान्यातील कंत्राटी काम, स्पर्धा परीक्षा, किंवा सेट-नेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणे. ज्या 'नोकरी'च्या आधारावर लेखन सांभाळायचे ती कायम स्वरूपाची नोकरी या यादीत जवळजवळ नाही. मात्र दूरचित्रवाणी मालिकांचे संवाद, जाहिरातीचा मजकूर, दुसऱ्याच्या नावाने लिहायची चरित्रे अशी कामे मिळू शकतात. म्हणजे ज्याला समीक्षा पोटार्थी लेखन म्हणते तेच त्याच्या आवाक्यात आहे. अशा वेळी त्याने ओढीची नोकरी करावी काय, आणि करू नये असे त्याला सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा राहत नाही.

मराठी परंपरेने या प्रश्नाला फार पूर्वी एक कथा दिली आहे. 'भक्तविजय' (१७६२) लिहिणारे महिपती (१७१५-१७९०) हे ताहराबादचे कुलकर्णी. परंपरा सांगते की, ते पूजेस बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा संपेपर्यंत थांबण्याची विनंती त्याने मानली नाही. महिपती कचेरीत गेले, काम उरकले, आणि परत येऊन त्यांनी कानावरची लेखणी देवापुढे ठेवली : यापुढे ती संतचरित्रांखेरीज कशासाठीही चालणार नाही. ही कथा सामान्यतः धन आणि भक्ती यांच्या द्वंद्वाची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु बारकाईने पाहिल्यास कथेत धनाचा उल्लेखच नाही. महिपतींना वतनाचे उत्पन्न खुपत नव्हते. खुपले ते बोलावणे. दुसऱ्याने हाक मारताच हातातले अर्धवट सोडून उठावे लागते, ही गोष्ट त्यांना असह्य झाली. शिवाय दोन्हीकडे लेखणी तीच आहे. हिशेब लिहिणारा बोरू अपवित्र आणि ओवी लिहिणारा पवित्र, असा भेद कथा करीत नाही. भेद आहे तो बोलावण्याला 'नाही' म्हणता येणे आणि न येणे यांत.

अर्वाचीन मराठी समीक्षेने मात्र हा धागा उचलला नाही. तिने आधार घेतला तो स्वायत्ततेच्या कल्पनेचा, आणि त्या कल्पनेची एक शाखा कान्टपर्यंत पोहोचते. १७९०च्या आपल्या ग्रंथात कान्ट कला आणि कारागिरी यांत जो भेद करतो त्याचा एक निकष मोबदल्याचा आहे : कला ही क्रीडेसारखी स्वतःतच सुखद असते, कारागिरी हे श्रम असून ती तिच्या वेतनामुळेच हवीशी वाटते. मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) स्वायत्ततेची जी सखोल चर्चा मराठीत झाली ती प्रामुख्याने कलाकृतीच्या स्वरूपाविषयी होती. तथापि वाचकांच्या आणि समीक्षकांच्या नित्य व्यवहारात कृतीची स्वायत्तता हळूहळू कर्त्याच्या निर्लोभीपणात रूपांतरित झाली. हा तार्किक घसारा आहे. कलाकृतीचे मूल्य तिच्याबाहेरच्या हेतूंवर अवलंबून नसते असे एकदा मानले की, लेखकाने मोबदला घेतला या बाह्य गोष्टीवरूनही त्या मूल्याविषयी काही सिद्ध होत नाही.

संस्कृत काव्यशास्त्राला हा संकोच नव्हता. मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना यशाच्या पाठोपाठ अर्थप्राप्तीचा उल्लेख केला आणि तिचे उदाहरणही दिले : श्रीहर्षापासून धन मिळवणारा धावक. पुढे या धावकानेच हर्षाच्या नावावरील नाटक लिहून दिले अशी आख्यायिका उत्पन्न झाली. दुसऱ्याच्या नावाने लिहून देणाऱ्याचा इतिहास तेवढा जुना आहे, आणि मम्मटाला त्यात लज्जास्पद काही दिसले नाही. अर्थात राजाश्रयाच्या जगात 'नाही' म्हणण्याची किंमत काय होती, हेही तो सांगत नाही.

मोबदल्याने ओढ आटते या समजुतीला काही अनुभवाधार आहे, हे येथे मान्य करावयास हवे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्यात रमणाऱ्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना बक्षीस आधी कबूल केले होते त्या मुलांचा चित्रे काढण्यातला रस पुढे घटलेला आढळला. ज्यांना चित्र झाल्यावर अनपेक्षितपणे तेच बक्षीस मिळाले त्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. मुलांवरील एका प्रयोगावरून लेखकांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. परंतु एक गोष्ट लक्षणीय आहे. बक्षीस दोन्हीकडे होते. फरक पडला तो ते आधी ठरल्याने. येथेही, महिपतींच्या कथेप्रमाणेच, पैशापेक्षा बोलावण्याकडे बोट जाते.

बोलावणे आधी येते आणि लेखन नंतर, अशी लेखनाची एक संपूर्ण व्यवस्था शिरूर-जुन्नरच्या या पट्ट्यात उभी आहे, आणि समीक्षेने तिच्याकडे या दृष्टीने पाहिलेले नाही. ती व्यवस्था म्हणजे तमाशाची. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात. सुपारी घेतली की तारीख बांधली गेली. या बांधलेल्या तारखांच्या मागे कोणीतरी गण लिहिलेला असतो, गौळण रचलेली असते, वगाचे कथानक बेतलेले असते. शिरूर तालुक्यातीलच कवठे येमाई येथील बशीर मोमीन कवठेकर यांनी अनेक दशके नामांकित फडांसाठी असे लेखन केले. २०१८चा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. तळेगाव ढमढेरे येथील विद्यार्थ्याच्या तालुक्यात मागणीनुसार लिहिणारा हा एवढा मोठा लेखक होऊन गेला. पण या विद्यार्थ्याने अभ्यासलेल्या 'साहित्याच्या इतिहासा'त त्याचे नाव आढळण्याची शक्यता फार थोडी.

फडासाठी लिहिणाऱ्याची मागणी आधीच ठरलेली असते, हे खरे. परंतु ही मागणी कोणत्या स्वरूपाची असते? ती एका विशिष्ट गळ्याची, विशिष्ट पावलांची, विशिष्ट सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाची असते. बतावणीत सोंगाड्या कोठे थांबेल आणि कोठे पदरचे घालील याचा अंदाज घेऊन जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे येथे लेखकाचे कौशल्य लिहिण्याइतकेच न लिहिण्यात असते. लावणीचे शब्द गाणारीच्या श्वासाला पेलले पाहिजेत. आणि मध्यरात्रीनंतरचा प्रेक्षक आपली नापसंती कळवण्यासाठी त्रैमासिकाच्या पुढील अंकाची वाट पाहत नाही. अशा लेखनात मागणी ही बाहेरून आदळणारी सक्ती न राहता घडणीची सामग्री बनते, जसे वृत्ताचे बंधन कवीच्या बाबतीत बनते. वृत्तात लिहिणाऱ्याला कोणी पोटार्थी म्हणत नाही. ज्याच्यासाठी लिहायचे तो माणूस डोळ्यांसमोर असला की बोलावण्याचा जाच कमी होतो. जहागीरदाराच्या शिपायाशी महिपतींचे असे कोणतेच नाते नव्हते.

हे चित्र रंगवताना भाबडेपणा मात्र टाळला पाहिजे. फडाच्या अर्थकारणात लेखकाचा वाटा सर्वांत अनिश्चित असतो. वग चालला तर नाव फडाचे होते. शाहिरांनी कवनाच्या अखेरीस नाममुद्रा गुंफण्याची प्रथा पाडली ती केवळ आत्मप्रौढीपोटी, असे मानण्याचे कारण नाही; ज्या समाजात लेखनाधिकाराचे दुसरे साधन नव्हते तेथे तेवढी एकच सही शक्य होती. चित्रपटातील गीतकारांना गीताच्या इतर वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात न सोडता येणारा वाटा देण्यासाठी आपल्याकडे २०१२च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत थांबावे लागले. फडांतील गीतकारांपर्यंत असला कायदा कितपत पोहोचतो, हे सांगण्याची गरज नाही.

पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांचे उदाहरण याच संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हेही लेखणीच्या वतनातूनच आलेले. महिपतींनी कुळकर्णाची लेखणी देवापुढे ठेवली, बापूरावांनी ती ढोलकीच्या फडात नेली. पहिल्याची कथा भक्तिपर आख्यान झाली. दुसऱ्याला जातीबाहेर जावे लागले, आणि पवळेच्या साथीने मिळवलेल्या अफाट लोकप्रियतेनंतर त्यांची अखेर पुण्यात हलाखीत झाली. दोघांनीही घराण्याचे लेखनकाम सोडून ओढीचे लेखन पूर्णवेळ स्वीकारले होते. समाजाने दोघांना सारख्या मापाने मोजले नाही, याचे कारण एकाच्या लेखनातून पैसा येत नव्हता आणि दुसऱ्याच्या लेखनातून येत होता एवढेच नाही. तो कोणाच्या हातून आणि कोणाच्या सहवासात येत होता, हेही आहे. 'पोटार्थी' या शब्दात जातीचा एक दर्प प्रारंभापासून मिसळलेला आहे. बलुतेदाराचे सर्वच काम पोटार्थी असते आणि त्यात त्याला कमीपणा मानावा लागतो. ज्याचे पोट अन्य मार्गाने भरलेले आहे त्याचीच ओढ 'निरपेक्ष' म्हणवली जाऊ शकते.

हे 'अन्य मार्ग' मराठी लेखकांच्या बाबतीत बहुधा नोकरीचे राहिले आहेत. मर्ढेकर आणि व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, जी. ए. कुलकर्णी महाविद्यालयात शिकवत होते. हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून (१८९०) क्रमशः कादंबऱ्या लिहीत, म्हणजे आठवड्याचे बोलावणे त्यांनाही होते. परंतु आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. अपूर्ण ठेवणे हादेखील एक अधिकार आहे, आणि ज्याची चूल पुढील प्रकरणावर पेटते त्याला तो नसतो. वि. स. खांडेकरांनी शिरोड्याची शाळा १९३८ मध्ये सोडली, जयवंत दळवींनी १९७५च्या सुमारास नोकरीतून निवृत्ती घेऊन पूर्णवेळ लेखन पत्करले. दोघांच्याही मागे तोवर नोकरीची दीर्घ वर्षे आणि प्रस्थापित नाव होते. दळवींची 'सूर्यास्त', 'पुरुष' ही नाटके त्या निर्णयानंतरची. पूर्णवेळ लेखनाने त्यांची ओढ आटली असे म्हणणे कठीण आहे.

वेतनाने लेखकाला काय दिले? त्याने न लिहिण्याची मुभा दिली. पाच वर्षे काही न लिहिता घालवली तरी पहिल्या तारखेला पगार होतो. जी. एं.च्या कथांमागे जो संथ, कोणालाही उत्तर न देणारा काळ जाणवतो तो कोणीतरी भरलेल्या पगारपत्रकाने शक्य केलेला होता, यात त्या कथांना उणेपणा मुळीच नाही. उणेपणा आहे तो हे मौन स्वतःच्या चारित्र्यातून आले असे मानणाऱ्या आणि त्यावरून इतरांना मोजणाऱ्या समीक्षेत. भालचंद्र नेमाड्यांनी 'लेखकाचा लेखकराव' कसा होतो याची मीमांसा केली तेव्हा रोख लेखकाच्या प्रतिष्ठित होण्यावर होता. त्या दृष्टीने पाहता लेखकराव होण्यासाठी लेखनावर पोट भरावे लागत नाही. पगारी लेखकालाही ते सहज साधते. विद्यापीठीय समीक्षकाने तर स्वतःच्या मेजाकडेही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी शोधलेखांना गुण लावल्यापासून बढतीसाठी किती लेख लिहिले गेले आणि त्यांतील किती लिहिण्यावाचून राहवले नाही म्हणून लिहिले गेले, याची मोजणी कोणी करणार नाही. त्या लेखांतूनही 'पोटार्थी' हा शब्द इतरांसाठी वापरला जातो.

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्याविषयी लिहिताना ही अडचण सर्वाधिक उघडी पडते. शाळा जवळजवळ न पाहिलेल्या या लेखकाने तीसहून अधिक कादंबऱ्या, शिवाय कथा, लोकनाट्ये, पोवाडे लिहिले. 'फकिरा'ला (१९५९) राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, कथांवर चित्रपट निघाले, आणि लेखक घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिला. वयाची पन्नाशीही त्याने गाठली नाही. त्यांच्या लेखनात उंची एकसारखी नाही, काही कादंबऱ्या घाईने उरकल्यासारख्या वाटतात, असा अभिप्राय दिला जातो. अभिप्राय खोटा नाही. परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष अपुरा आहे. ज्याला एकही हस्तलिखित वर्षभर बाजूला ठेवणे परवडत नव्हते त्याची असमानता आणि ज्याला ते परवडत होते त्याची असमानता यांना एकच नाव देणे हा समीक्षेचा आळस आहे. पहिल्या प्रकारात दोष कोठे संहितेचा आहे आणि कोठे नाकारता न आलेल्या कामाचा, हे वेगळे करून दाखवण्यासाठी प्रकाशकाशी झालेले व्यवहार, एकगठ्ठा विकलेले हक्क, आवृत्त्यांची वर्षे ही सामग्री समीक्षेने वापरावयास हवी. ती 'साहित्यबाह्य' ठरवून ग्रंथपालांवर सोडली गेली आहे.

तळेगाव ढमढेरे येथील विद्यार्थ्याच्या प्रश्नात या साऱ्याचा उपयोग काय, असे विचारता येईल. निदान हिशेबाची मांडणी बदलते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची आणि स्वामित्वधन दहा टक्के धरले, तर सर्व प्रती संपल्यावर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात, आणि त्या संपण्यास काही वर्षे जातात. म्हणजे पुस्तकांवर जगणे हा पर्याय बहुतेकांच्या बाबतीत विचारातच घेता येत नाही. 'पूर्णवेळ लेखक' याचा आजचा व्यावहारिक अर्थ मागणीचे लेखन करणारा, असाच आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापनात वेतन तुटपुंजे असून सुट्टीच्या महिन्यांत तेही थांबते. तेथे न लिहिण्याची मुभा आहे, पण न जेवण्याचीही. रोजच्या मालिकेत पैसे बरे मिळतील. मात्र प्रेक्षकसंख्येचे आकडे येताच कथानक वळवण्याचा निरोप येईल. तो निरोप देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, त्याचा गळा ऐकू येत नाही. फडाच्या लेखकाला जे भरपाई म्हणून मिळत असे ते येथे नाही. अशा कामाला होकार देताना विद्यार्थ्याने ओढ वाचेल की मरेल हे विचारण्यापेक्षा, किती महिने काम नाकारून घर चालू शकेल आणि करारातील कोणते शब्द नाकारता येतील, हे विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल. सहा महिन्यांचे धान्य घरात असलेला आणि नसलेला यांचे 'पूर्णवेळ लेखन' ही एकच गोष्ट नव्हे. गावाकडे एकर-दोन एकर शेती असणे ही बाब या दृष्टीने वाङ्मयीन ठरते, हे विधान विक्षिप्त वाटले तरी.

या हिशेबात आणखी एक खाते आहे आणि ते बहुधा कोरेच राहते. मराठीत पूर्णवेळ लिहिणाऱ्या पुरुषाची चूल अनेकदा पत्नीच्या पगारावर किंवा कष्टांवर चाललेली असते; तिचा उल्लेख अर्पणपत्रिकेत येतो. कृष्णाबाई सुर्वे यांचे 'मास्तरांची सावली' हे अशा मोजक्या पुस्तकांपैकी, ज्यांत कवीच्या घराची बाजू घरातील स्त्रीने मांडली. आणि लिहिण्याची ओढ तिलाच असेल, तर तिला पूर्णवेळ कोण देतो, हा प्रश्न तळेगावच्या वर्गातील मुलींच्या बाबतीत अजून विचारलाही जात नाही; 'नोकरी पाहा, लेखन सांभाळून करा' या उपदेशात त्यांच्यासाठी आणखी एक तिसरे काम न उच्चारता धरलेले असते. महिपतींच्या कथेतही लेखणी देवापुढे ठेवली गेली तो क्षण रंगवून सांगितला जातो. त्या दिवशी घरात कोणी स्वयंपाक केला आणि दुसऱ्या दिवसासाठी डब्यात काय उरले होते, हे कीर्तनकार सांगत नाहीत.